दीर की गडी?

"कडी!" आठल्ये सर माइकवर गरजले आणि पहिल्या रांगेतल्या दोघातिघांची डुलकी मोडली. "मित्रहो, 'आतनं कडी लावली' या वाक्यातली कडी दाराची नाही. ती पुरुषाच्या वासनेची कडी आहे!"

टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावर टोकाच्या खुर्चीत बसलो होतो. मनात म्हटलं, दाराची नाही तर काय ताकाची?

गोष्ट जुनी आहे, पण आठवली की अजून कानशिलं तापतात. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय 'आतली कडी' ही कादंबरी आणि तिच्या भाषेतला ताण. कादंबरी विश्वास जगदाळ्यांची. त्यांनी आयुष्यात तेवढी एकच लिहिली, पण तेवढ्यावर नारळ इतके गोळा केले की देवळाबाहेर दुकान टाकता आलं असतं. त्या दिवशीही ते मधल्या खुर्चीत रेशमी कुर्ता घालून मांडवातल्या नवरदेवासारखे बसले होते. डॉ. मुकुंद आठल्ये पुण्याचे, या कादंबरीवरचे सगळ्यात मोठे जाणकार. आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा एक गरीब जीव. प्रबंध लिहून तयार होता, सरांची सही तेवढी राहिली होती. सही झाली की डिग्री, डिग्री झाली की कॉलेजातली जागा कायम. नाही झाली की इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात आणि मी परत तासाच्या बोलीवर वर्गावर्गांतनं वणवण.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाचलेल्यांना तरी कुठं कळली होती म्हणा!

एक शेतकऱ्याचं घर. तारा नावाची नवी सून. नवरा मिलिटरीत, लांब. घरात सासरा, आणि गोष्ट सांगणारा 'मी'. या 'मी'ला नाव नाही. घरात त्याला कुणी हाक मारत नाही, कुणी दोन शब्द बोलत नाही. 'मी' भाकरीच्या वेळेला असतो, गोठ्यात असतो, ताराच्या आजूबाजूला असतो आणि सारखं बघत असतो. आणि मग तो प्रसिद्ध उतारा येतो, ज्याच्यावर महाराष्ट्रातल्या निम्म्या मराठीच्या प्राध्यापकांची पोटं भरली:

"मी दाराशी आलो. तारा केस विंचरत होती. तिनं आरशातनं बघितलं, काय बोलली न्हाई. मी आत गेलो. आतनं कडी लावली. मग खाली बसलो आणि कडीकडं बघत राहिलो. बाहेर वहाणा वाजल्या. थांबल्या. 'कोण हाय आत?' मी म्हटलं, 'मी हाय.' वहाणा परत गेल्या."

बस्स. प्रकरण संपलं. वाचताना छातीत धस्स होतं, ही गोष्ट खरी. का होतं, यावर मात्र विद्वानांनी जे अकलेचे तारे तोडलेत ते विचारू नका. हा 'मी' कोण, यावरनं दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, हा ताराचा धाकटा दीर. दुसरा म्हणायचा, घरातला गडी. दीरवाले आणि गडीवाले एकमेकांच्या चर्चासत्रात जेवायला जात, पण भाषणाला टाळ्या वाजवत नसत. आठल्ये सर दीरवाल्यांचे सेनापती. ज्या कॉलेजात आम्ही बसलो होतो तिथले प्राचार्य ऐनापुरे हेही दीरवालेच. त्यांनी त्यावर लेखमाला लिहिली होती.

मला त्या उताऱ्यात वेगळंच दिसत होतं. एकदा सरांच्या खोलीत जाऊन म्हणालो, "सर, यातली भीती खोलीच्या आत नाही. बाहेर आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमच्या भागातली माणसं भावनेनं वाचतात, चौगुले. समीक्षा भावनेनं होत नसते."

"पण सर, ते एक वाक्य..."

"वाक्यांची लांबी मोजा. क्रियापदं मोजा. ताण कसा चढतो त्याचा तक्ता करा. बाकी विचार करायला मी आहे."

त्या दिवशी सकाळी गाडीतनं येतानाही सरांनी बजावलं होतं, "फक्त वाक्यांच्या लांबीवर बोला. पुण्याला पोचलो की सही करून टाकू." मी मान हलवली होती. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासनं हलवली होती.

पण सरांचं भाषण काही कडीवर थांबेना. ते ताराच्या केसांवर आले. केसांवरनं पाठीवर आले. "ती बोलली नाही," सर म्हणाले, "आणि मित्रहो, बाईचं न बोलणं म्हणजे काय हे इथल्या विवाहितांना मी सांगायला नको!" पहिली रांग खी खी करून हसली. जगदाळे तर मांडीवर थाप मारून हसले. मागं खुर्च्या भराव्यात म्हणून कॉलेजच्या पोरी आणून बसवल्या होत्या. त्या सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या.

त्या खाली गेलेल्या माना बघितल्या आणि माझं टाळकं सटकलं. हे शिकले-सवरलेले लोक एका घाबरलेल्या पोरीच्या खोलीत शिरून बसले होते, मिटक्या मारत होते आणि त्याला समीक्षा म्हणत होते.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. हातातला वाक्यांच्या लांबीचा तक्ता घडी करून बाजूला ठेवला.

"मला फक्त दोन प्रश्न विचारायचे आहेत," मी म्हटलं. "पहिला असा. सर म्हणाले, हा वासनेनं पेटलेला पुरुष आहे. खोलीत तरणी पोर केस मोकळे सोडून बसली आहे. दार बंद आहे. मग हा माणूस खाली बसून बघतो कुणाकडं?"

मी माइक जवळ ओढला.

"पुस्तकात काय लिहिलंय? 'कडीकडं बघत राहिलो.' कडीकडं! सगळे समीक्षक ताराकडं बघतायत. पुस्तक मात्र कडीकडं बघतंय. कडी लावल्यानंतर ताराचं नावसुद्धा येत नाही. कडी, वहाणा, आवाज. सगळी वाक्यं दाराकडं तोंड करून उभी आहेत. ज्याची भीती वाटते तिकडंच माणूस बघतो ना?"

"हे अपराधभावनेचं प्रतीक आहे," आठल्ये सर खुर्चीतनंच म्हणाले. "पुढं चला."

"दुसरा प्रश्न. बाहेर सासरा आहे. सुनेच्या खोलीला आतनं कडी आहे. सासरा विचारतो, 'कोण हाय आत?' आतनं पुरुषाचा आवाज येतो, 'मी हाय.' आणि सासरा वहाणा वाजवत गुमान परत जातो?" मी पहिल्या रांगेकडं बघितलं. "आपल्या कुणाच्या घरात असं होईल, सर? कुऱ्हाड निघेल. दार फोडतील."

मागं खसखस पिकली. पोरींच्या माना वर यायला लागल्या होत्या.

"तो मौनाच्या सत्तेचा भाग आहे," ऐनापुरे सर म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते पटलेलं दिसलं नाही.

"सासरा परत गेला," मी म्हटलं, "कारण तो ज्या कामासाठी आला होता ते आता होणार नव्हतं. आत तारा एकटी नव्हती. आत अजून एक बाई होती."

"दुसरी बाई कोण?" आठल्ये सर उठून उभे राहिले. "त्या खोलीत एक तारा आहे आणि एक निवेदक आहे. दुसरी बाई आणलीत कुठून?"

"निवेदकच बाई आहे, सर. जिनं कडी लावली ती. ताराची थोरली जाऊ. विधवा. म्हणून तिला घरात कुणी हाक मारत नाही."

सर हसले. असं हसले की त्या हसण्यावरच माझा प्रबंध नापास झाल्यासारखा वाटला. "मी आलो! मी बसलो! मी बघत राहिलो! हे बाईचं क्रियापद आहे? अहो, तुम्ही स्वतः एक बाई आहात, शालन चौगुले! तुम्हाला 'आलो' आणि 'आले' यातला फरक पहिलीत शिकवला नाही का?"

का हो, दचकलात? सुरुवातीपासनं मी 'बसलो', 'म्हणालो', 'गेलो' म्हणतोय म्हणून तुम्हीही मला मिशा चिकटवल्या होत्या ना? चालू द्या, तुम्ही काही पहिले नाही. मी शालन चौगुले. माझं गाव कागलच्या पलीकडं. आमच्याकडं बाई 'मी आलो', 'मी जातो', 'मी बसलो'च म्हणते. माझी आई म्हणते, आजी म्हणायची, मीही म्हणतो. पुण्याच्या लोकांसमोर जीभ वळवून 'आले-गेले' करावं लागतं, ते पोटासाठी. ही कादंबरी मी पोरवयात घरी वाचली तेव्हा 'मी' म्हणजे बाई हे मला पहिल्या पानावर कळलं होतं. किंबहुना त्यात काही कळायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. एम.ए.ला पुण्यात आलो आणि बघतो तर काय, सगळा विभाग 'दीर की गडी' करत भांडतोय! आधी मला वाटलं आपलंच डोकं फिरलंय.

आणि पुस्तकात एका ठिकाणी तर चक्क छापलं होतं, "मी एकटीच बसलो." एकटीच! त्या दिवशी सरांच्या खोलीत मी हेच वाक्य दाखवायला गेलो होतो. सरांनी ते बघितलंही. म्हणाले, "मुद्रणदोष." त्यांच्या ग्रंथात तशी तळटीपच आहे, 'एकटाच असे वाचावे.' डोळ्यासमोर बाई उभी राहिली तरी तिला मुद्रणदोष म्हणायचं, याला पुण्याला विद्वत्ता म्हणतात.

असो. सर 'पहिलीत शिकवलं नाही का' म्हणाले आणि पहिली रांग पुन्हा हसली. मी जगदाळ्यांकडं वळलो. मला एवढंच वाटत होतं की लेखकच म्हणेल, पोरगी बरोबर बोलतेय, आणि विषय मिटेल. देवाशपथ, त्याउपर माझ्या मनात काही नव्हतं.

"जगदाळे सर, तुमचं आजोळ कागलचं ना?"

"अर्थात! बालपण सगळं तिथंच गेलं. त्या मातीचा प्रत्येक शब्द माझ्या कानात आहे."

"मग तुम्हीच सांगा. तुमची आजी घरातनं बाहेर पडताना काय म्हणायची?"

"काय म्हणायची म्हणजे? 'येते' म्हणायची. 'येते रे बाळा' म्हणायची." जगदाळे आठल्ये सरांकडं बघून हसले. "काय बाई प्रश्न विचारतात! बाई कधी 'येतो' म्हणेल का? वेड लागलंय?"

मागच्या रांगेतनं एक खणखणीत आवाज आला. "आमी म्हणतो की, सर!"

मग दुसरी, "माझी आई पण!" मग तिसरी. मग सगळ्या पोरी एकदम फुटल्या. कुणी तोंडात ओढणी कोंबून हसतंय, कुणी खुर्ची बडवतंय. गावचे चार शिक्षक बसले होते तेही हसायला लागले, आणि मग एकमेकांकडं असे बघायला लागले की काही विचारू नका. कारण त्यांच्याही घरात तेच! सकाळी आमचा चहा ऐनापुरे सरांच्या घरी झाला होता. वहिनी पोह्यांच्या बशा ठेवत आठल्ये सरांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "घ्या तोवर, मी पाणी घेऊन आलो." आणि हा त्यांचा नवरा दिराच्या बाजूनं लेखमाला लिहून बसलेला! बायकोचं ऐकत नाहीत ते नाहीत, पण निदान तिचं क्रियापद तरी ऐकावं माणसानं.

जगदाळ्यांचा चेहरा कुर्त्याच्या रंगाचा झाला. कुर्ता पांढरा होता. ते एकदम ओरडले, "हस्तलिखितात तसंच होतं! मी एक अक्षर बदललेलं नाही!"

हसणं चालूच होतं. बऱ्याच जणांना ते ऐकूही गेलं नसेल. मला गेलं. आठल्ये सरांनाही गेलं, कारण त्यांच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

"कुणाच्या हस्तलिखितात, सर?" मी विचारलं.

जगदाळे कुर्त्याची बटणं चाचपायला लागले. उमेदीच्या काळात ते पुण्याच्या एका प्रकाशकाकडं आलेलं लेखन वाचायचं काम करत, हे तर त्यांच्या प्रत्येक सत्कारात सांगितलं जायचं. गावोगावची बाडं टपालानं तिथं येत. लेखकाला आपल्याच गोष्टीतला 'मी' बाई आहे की पुरुष हे माहीत नसावं? ज्यानं लिहिलंय त्याला माहीत असतं. ज्यानं ढापलंय त्याला नसतं. कुठल्या तरी गावातल्या बाईनं आपल्या तोंडच्या बोलीत, जसं आलं तसं लिहून धाडलं होतं. या माणसाला वाचताना पुरुष दिसला आणि त्यानं पुरुषाचं म्हणून आपलं नाव घातलं. आजोळ पण बहुधा त्याच दिवशी तयार केलं असावं.

मी पुन्हा विचारलं, "कुणाच्या, सर?"

आणि ऐनापुरे सर टुणकन उठले. "मंडळी, वेळ झाली आहे! तांबडा-पांढरा तयार आहे. जेवणं थंड करू नका!"

मराठी साहित्यातली एवढी मोठी चोरी उघड्यावर पडली होती आणि आमची विद्वान मंडळी उठून मटणाच्या रांगेत उभी राहिली. दीरवाले आणि गडीवाले एकाच पातेल्यावर. जगदाळ्यांना तर दोघांनी हाताला धरून नेलं आणि नळीचं हाड वाढलं.

आठल्ये सरांनी मला हात धुवायच्या नळापाशी गाठलं. आवाज खाली, चेहरा हसरा. लांबून बघणाऱ्याला वाटावं कौतुक चाललंय.

"ते निवेदकाचं खूळ प्रबंधात आणू नका. आजचं मी विसरतो. उद्या सही."

"सर, तुम्ही ऐकलंत ना ते काय म्हणाले?"

"मी काही ऐकलं नाही."

"आणि ती बाई?"

"कुठली बाई?"

"जिनं लिहिलं ती."

"तिचं नाव सांगा."

"नाव माहीत नाही, सर."

"पुरावा?"

"नाही."

"मग ती नाहीच," सर म्हणाले आणि रुमालानं हात पुसायला लागले. "माझा ग्रंथ आहे, जगदाळ्यांचा पुरस्कार आहे, तुमचा प्रबंध आहे. या सगळ्या असलेल्या गोष्टी. नसलेल्या बाईसाठी असलेलं घालवू नका, चौगुले. शहाण्या आहात."

शहाणी होतोच मी. म्हणूनच इतकी वर्षं 'आले-गेले' करत होतो. पण त्या घटकेला मला सरांची किळस आली, अगदी शिसारी आली. जगदाळ्यांनी निदान भुकेपोटी चोरी केली असेल. या माणसाला खरं कळलं होतं, आणि कळूनसुद्धा तो शांतपणे बोटांच्या बेचक्या पुसत होता.

"मग सही पण असू दे तुमच्याकडंच," मी म्हटलं. "येतो मी."

"काय म्हणालात?"

"येतो म्हटलं. एकटीच जातो."

जेवले नाही तिथं. हे बघा, रागात 'जेवले' आलं तोंडात, पुण्याची सवय! जेवलो नाही. एस.टी.नं घरी गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जागा गेली. दुसऱ्या विद्यापीठात दुसरे मार्गदर्शक धरले, सगळं पुन्हा केलं, डिग्री मिळाली, फार उशिरा. आठल्ये सरांनी वर्षाच्या आत नवं पुस्तक काढलं, 'आतली कडी: स्त्रीनिवेदनाचा ताण'. त्यात 'मी' बाई असल्याचा शोध त्यांना स्वतःलाच लागला होता. वहाणा आणि कडी दोन्ही त्यात होत्या, माझ्याच शब्दांत. मी कुठंच नव्हतो. त्या पुस्तकालाही शाल मिळाली. जगदाळ्यांनी मग मुलाखती दिल्या की आपण मुद्दामच वाचकांना चकवलं होतं, सरांसारख्या मर्मज्ञानं ते ओळखलं. चोर चोर मावसभाऊ म्हणतात ते काय खोटं नाही.

मी त्या बाईला शोधलं. कागल, मुरगूड, निपाणीपर्यंत खेडी पालथी घातली. वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. कुणी म्हणालं, अमक्या गल्लीतली एक विधवा रात्रंदिवस काय तरी लिहायची. तिथं गेलो तर घर पडलेलं आणि शेजाऱ्यांना तिचं नाव आठवेना. 'थोरली' म्हणायचे एवढंच त्यांना आठवत होतं. तीच का, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि परवा प्रकाशकाकडनं पार्सल आलं. 'आतली कडी'ची नवी आवृत्ती. जाड कागद, आठल्ये सरांची प्रस्तावना. मी थेट तो उतारा उघडला.

"मी दाराशी आले. तारा केस विंचरत होती. तिनं आरशातून पाहिलं, काही बोलली नाही. मी आत गेले. आतून कडी लावली. मग खाली बसले आणि कडीकडे पाहत राहिले..." 'मी हाय'चं 'मी आहे' केलं होतं. 'एकटीच बसलो'चं 'एकटीच बसले'. चारशे पानं धुऊन, पिळून, इस्त्री करून ठेवली होती. घरात जन्मभर कुणी हाक न मारलेल्या बाईची जी काय एक जीभ शिल्लक होती, तीही उपटून टाकली होती. आधी तिला बाप्या केलं, आता पुण्याची केली.

मी प्रकाशकाला फोन लावला. तिकडनं एक तरुण संपादक बोलला, फार अदबीनं.

"हो मॅडम, संपूर्ण शुद्ध करून घेतली. वाचकांचा गोंधळ होत होता ना. आणि खरं सांगू का, हे तुमच्यामुळेच झालं. तुमच्या प्रबंधात तुम्हीच सिद्ध केलंत की ती बाई आहे. मग बाईचं क्रियापद नको का?"

मी त्याला एक शिवी हासडली. अस्सल कागलची. ती मात्र त्याला शुद्ध न करता कळली.